मांजर दूध पितं, चाटतं की आणखी काही?

प्रश्न : मुलांच्या अंकासाठी टिपण लिहितेय. 'मांजर दूध चाटतं' असं लिहिलं, तर संपादकांनी 'पितं' केलं. 'पितं' चूक नाही, पण गाय पाण्याला तोंड लावून ओढते तसं मांजराचं नसतं ना? नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद : 'लपलप पितं' म्हणा. चाटायला जीभ घासावी लागते. भरल्या वाटीत मांजर दुधाला जेमतेम शिवतं. संशोधक रोमान स्टॉकर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलं आणि २०१० साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात छापलं. सुरुवात झाली ती स्टॉकर यांच्या घरच्या मांजराला पिताना बघून! जिभेचं टोक मागे वळतं, त्याची वरची बाजू दुधावर टेकते न टेकते तोच जीभ झपकन वर, सेकंदाला सुमारे ७८ सेंटिमीटर वेगाने. दूध जिभेला चिकटून वर येतं आणि जडत्वामुळे त्याचा बारीक खांब उभा राहतो. गुरुत्वाकर्षण तो खाली खेचणार, इतक्यात जबडा मिटून मांजर खांबाचा वरचा तुकडा तोडतं. हे सेकंदाला साडेतीन-चार वेळा.

प्रतिसाद : आणि दर खेपेला मिळतं किती, तर साधारण ०.१४ मिलिलिटर. म्हणजे १०० मिलिलिटरची वाटी संपवायला सातशेच्या वर खेपा, तीन मिनिटं तरी. एवढी चिकाटी आपल्यात नाही. गाल आपल्यासारखे बंद होत नाहीत, त्यामुळे मोठ्या मांजराला ओढून पिता येत नाही. पिल्लू मात्र आईला लुचतं. तिथे 'लुचणं'च, दुसरा शब्द नको.

प्रश्नकर्ती : मग वाघालाही 'लपलप' चालेल?

प्रतिसाद : चालेल, फक्त संथ. जीभ मोठी, खांब उंच, तो कोसळायला वेळ जास्त लागतो, म्हणून मोठी मांजरकुळी सेकंदाला दोनहून कमी वेळा जीभ मारते.

प्रतिसाद : कुत्र्याला हाच शब्द लावू नये. तो जिभेची पळी करून पाणी उपसतो.

प्रतिसाद : पळी दिसते खरी, पण तिच्यातलं बरंचसं पाणी सांडतं. कुत्राही जिभेमागून वर आलेल्या खांबालाच तोंड मारतो. फरक इतकाच की त्याची जीभ पाण्यात चांगली बुडते, म्हणून भांड्याभोवती तळं. मी कुत्र्याला 'लपालपा' म्हणतो, मांजराला 'लपलप'. व्याकरण नाही हे, कानाचा हिशेब.

प्रतिसाद : 'चाटणं' अगदीच हद्दपार करू नका. दूध तळाला गेलं की मांजर खरोखरच वाटी चाटतं, खरखरीत जिभेचा आवाजही येतो.

प्रश्नकर्ती : पटलं. 'मांजर लपलप दूध पितं आणि शेवटी वाटी चाटून पुसून ठेवतं' असं करते. की 'लपलपतं' लिहू?

प्रतिसाद : नको. लपलपते ती जीभ. मांजर लपलप पितं.