धडधड जाणवत नसली तरी
हार्ट फेल्युअर (हृदयाला पुरेसे रक्त पंप करता न येणे) असलेल्या वडिलांची नाडी अनियमित लागते, पण त्यांना धडधड जाणवत नाही, मग रक्त पातळ करणारी गोळी कशासाठी, या प्रश्नावरील चर्चेत थोडी भर घालतो. अशा अनियमित नाडीचे नेहमीचे कारण असलेल्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, त्यामुळे विशेषतः डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या टोकात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत पोहोचली तर पक्षाघात होतो. धडधड जाणवो वा न जाणवो, हा धोका राहतोच; अ‍ॅस्पिरिन हा त्यावरचा पर्याय नव्हे, हे कळकळीने सांगावेसे वाटते. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेल्यांना (आपल्याकडे असे रुग्ण अजूनही आहेत) वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे जुने औषधच, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी रक्तचाचणी) तपासत, घ्यावे लागते.

ठोक्यांची लय पूर्ववत करावी का, हा प्रश्न अधिक अवघड आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १,३७६ रुग्णांच्या अभ्यासात औषधांनी लय राखण्याचा प्रयत्न केवळ गती आटोक्यात ठेवण्यापेक्षा सरस ठरला नाही. २०१८ च्या कॅसल-एएफ अभ्यासात मात्र अ‍ॅब्लेशन (नळीवाटे हृदयातील अनियमित ठोके निर्माण करणारे भाग निकामी करणे) केलेल्यांपैकी २८.५ टक्के, तर औषधांवरील ४४.६ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला किंवा हार्ट फेल्युअर बळावून त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तो अभ्यास निवडक ३६३ रुग्णांचा होता, त्यामुळे हा निर्णय आपल्या हृदयरोगतज्ज्ञांशी सविस्तर बोलूनच घ्यावा. हृदयाची पंपक्षमता घटलेली असल्यास व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही ठोक्यांची गती कमी करणारी औषधे टाळतात, म्हणून जुन्या चिठ्ठीतील गोळ्याही डॉक्टरांना अवश्य दाखवाव्यात.