शेजार की केस? सेटलमेंट हाउसनंतर समाजकार्याचं काय झालं

मूळ धागा
१८८४ साली सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट यांनी लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये टॉयनबी हॉल सुरू केला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलांनी गरीब वस्तीत नुसतं येऊन-जाऊन मदत करायची नाही, तिथेच बिऱ्हाड करायचं, ही त्यामागची कल्पना. अशा घरांना सेटलमेंट हाउस म्हणतात. ते पाहून आलेल्या जेन ॲडम्सनी १८८९मध्ये एलेन गेट्स स्टार यांच्यासोबत शिकागोत हल हाउस उघडलं. समाजकार्याचा खरा पाया हाच, असं माझं ठाम मत आहे. पुढे मेरी रिचमंडनी १९१७च्या पुस्तकात केसवर्कची, म्हणजे एकेका गरजूची चौकशी करून, नोंद ठेवून मदत करण्याची शिस्त घालून दिली, पगारी पदं वाढली आणि शेजारणीची 'केस' झाली. हे आपलं मोठं नुकसान आहे.

प्रतिसाद १
सहमत नाही. शेजार कसला? कंटाळा आला की या सेटलमेंटवाल्यांना आपल्या घरी परतता येत होतं, वस्तीतल्या बाईने कुठे जायचं? हल हाउसने शास्त्रशुद्ध, पौष्टिक अन्नाचं स्वयंपाकघर काढलं. आसपासच्या स्थलांतरितांनी त्याकडे पाठ फिरवली, कारण काय खायचं ते त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच सेटलमेंटची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती. कृष्णवर्णीय असलेल्या जेनी पोर्टर बॅरेट यांना १८९०मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला स्वतःच्या घरातच काम उभं करावं लागलं.

धागाकर्ती
वर्णभेदाबद्दल तुमचं बरोबर आहे, त्याला बचाव नाही. स्वयंपाकघराचं मात्र उलटं वाचा. चूक कळली ती ॲडम्स आणि त्यांच्या सोबतिणी तिथे राहत होत्या म्हणून, आणि मग तिथे लोक गप्पा मारायला येतील असं कॉफी हाउस झालं. कचऱ्याचंही तसंच. ॲडम्स १८९५मध्ये आपल्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि पहाटे गाड्यांच्या मागे जाऊ लागल्या. एका अरुंद गल्लीत खरवडता खरवडता अठरा इंच खाली फरसबंदी लागली! ऑफिसात बसून हे दिसलं असतं?

प्रतिसाद २
मी केसवर्क करते, म्हणून राहवत नाही. शेजारणीची माया तिच्या मर्जीवर असते. फाइलमध्ये नोंद असली की नवा कार्यकर्ता आला तरी त्या बाईला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही, आणि नकार मिळाला तर कारण मागता येतं. आणि हे दोन वेगळे रस्ते मानताच कशाला? मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा नेबरहूड हाउस चालवलं, आणि १९३६मध्ये समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी टाटांची संस्था त्याच इमारतीत सुरू झाली. आजची 'टिस' (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) ती हीच.

प्रतिसाद १
मला दोन्ही अपुरी वाटतात. हल हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लोरेन्स केली यांनी तुटपुंज्या मजुरीवर तासन् तास राबवून घेणाऱ्या कारखान्यांची पाहणी केली आणि १८९३मध्ये इलिनॉयमध्ये बायकांसाठी आठ तासांचा कायदा झाला. दोनच वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. तिथे शेजारही कामी आला नाही आणि फाइलही. संघटित कामगार हवेत.

धागाकर्ती
पण कामगार बायकांच्या संघटनांना बैठकीला जागा कुणी दिली? हल हाउसनेच. नागपाड्याचा मुद्दा मात्र मला पटला. माझी तक्रार फाइलवर नाही. समाजकार्य शिकणाऱ्याला वर्षभर तरी वस्तीत राहायला लावा, मग खुशाल फाइल हातात द्या.