मध्ययुगीन कल्पित खेळात बंदूक असावी का? आपापले अनुभव लिहा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, आपापले पात्र घेऊन फाशांच्या आधारे कथा रंगवायचा खेळ. तो खेळताना आमच्या गटातील एकाने आपल्या पात्रासाठी बंदूक मागितली आणि त्या रात्रीचा खेळ तिथेच अडला. तलवारींच्या आणि मंत्रांच्या जगात बंदूक उपरी वाटते हे खरे. पण १३२६ च्या एका इंग्लिश हस्तलिखितात तोफेचे चित्र आहे, आणि ज्या नखशिखांत पोलादी चिलखताशिवाय आपल्या डोळ्यांपुढे सरदार उभाच राहत नाही, ते पूर्णत्वाला गेले १५व्या शतकात, म्हणजे हातबंदुका रणांगणावर आल्यानंतर. आपल्या टेबलावर काय घडले ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

*

डन्जन मास्टर, म्हणजे खेळाची कथा सांगणारा आणि नियम पाहणारा, म्हणून मी बोहेमियातील (आजच्या चेक प्रदेशातील) हुसाइट या धर्मसुधारक पंथाच्या युद्धांवर बेतलेली मोहीम दोन वर्षे चालवली. १४२० च्या दशकात हुसाइटांचा सेनापती यान झिश्का याच्या सैन्याने गाड्यांचा कोट करून त्याआडून हातबंदुका चालवल्या होत्या, तेव्हा बंदूक नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. नियम मात्र मी कडक ठेवला : दारू ठासायची, रंजक (पेट घेणारी बारीक दारू) भरायची, तोडा (पेटती वात) पेटता राखायचा आणि यात लढाईतल्या दोन फेऱ्या जायच्या. एका लढाईत पाऊस आला. बंदूकवाल्या खेळाडूने हातातला फासा खाली ठेवला आणि म्हणाला, "मी तोडा टोपीखाली धरतो." पुढच्या दोन फेऱ्या सगळे टेबल त्या एका ठिणगीसाठी श्वास रोखून बसले होते, आणि बार उडाला तेव्हा शत्रूचे नुकसान मोजायचेही आम्ही क्षणभर विसरलो.

*

माझा अनुभव उलटा आहे. आमच्या मोहिमेत बंदुकीच्या दारूची पिंपे बाजारात सहज मिळत. ज्या वेशीसाठी माझी जादूगारीण तीन बैठका मंत्र शोधत होती, ती वेस एका मित्राने एकाच पिंपाने उडवली. त्याचे काहीच चुकले नव्हते, पण माझ्या वहीतल्या मंत्रांना त्या दिवसापासून अर्थ उरला नाही. नव्या गटात जाताना मी हे आता पहिल्याच बैठकीत विचारून घेते.

*

नियमांविषयी थोडेसे. २०१४ च्या डन्जन मास्टरच्या पुस्तकात मस्केटला (लांब नळीच्या बंदुकीला) नुकसान ठरवण्यासाठी १२ बाजूंचा फासा आहे आणि लाँगबोला (लांब धनुष्याला) ८ बाजूंचा. पण मस्केटचा साधा पल्ला ४० फूट, तर लाँगबोचा १५०. २०२४ च्या खेळाडूंच्या पुस्तकात तर मस्केट नेहमीच्या शस्त्रांच्या कोष्टकातच आली आहे. पहिल्याच लढाईत टेकडीवरच्या तिरंदाजांनी मला टिपले आणि माझी गोळी त्यांच्यापर्यंत पोचेना. आता माझे पात्र धनुष्यही पाठीला बांधूनच निघते.