मदत हवी आहे: सुटून आलेल्या युद्धकैद्याच्या घरच्यांसाठी टिपण

काही वर्षं शत्रूच्या ताब्यात काढून परतलेला माणूस, वजन ४५ किलो, आठवड्याभरात इस्पितळातून घरी येईल. घरच्यांना द्यायला दोन पानी टिपण करतेय. खाणं, झोप आणि मधल्या काळात काय काय बदललं ते सांगणं, यांत नेमकं कुठे चुकतं? 'प्रेमाने वागा' सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद १
आधी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम स्थिरावलंय का ते डॉक्टरांना विचारा. उपाशी शरीरात एकदम पिष्टमय अन्न गेलं की इन्शुलिन वाढतं, ही तिन्ही रक्तातून पेशींत खेचली जातात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून धोका मोठा असेल तर सुरुवात दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० किलोकॅलरींनी, म्हणजे इथे ४५०. मग रक्त तपासत ४ ते ७ दिवसांत पूर्ण आहार. थायमिन (ब१ जीवनसत्त्व) मात्र खाणं वाढवण्याआधीच सुरू हवं. घरी आल्यावर पावलांना सूज, धाप किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर सकाळची वाट पाहू नका.

उशीखाली खाणं लपवलेलं सापडेल. त्यावरून बोलू नका, टिकाऊ खाण्याचा एक डबा खोलीतच ठेवा.

प्रतिसाद २
झोपेतून उठवताना अंगाला हात लावायचा नाही. पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहून नावाने हाक मारा. दाराची कडी आतून त्याच्या ताब्यात. 'काय हवंय?' असं मोघम विचारलं की माणूस गप्प होतो. 'आता जेवणार की अर्ध्या तासाने?' एवढंच पुरे.

मृत्यू, मोडलेलं लग्न, विकलेलं घर या बातम्या पहिल्याच दिवसांत, जवळच्या एकाच माणसाने, आडवळण न घेता सांगाव्यात. बाहेरून कळल्या तर घरच्यांच्या पुढच्या शब्दावरही विश्वास बसत नाही. फोन, पासवर्ड, पैशांचे नवे व्यवहार यांना घाई नाही, एका वेळी एकच. इतके दिवस घर चालवणाऱ्या जोडीदाराकडून हिशेब लगेच काढून घेऊ नका; पहिले काही महिने दोघांनी मिळून बघावा. सत्कार-मुलाखती तूर्त नकोतच.

धागाकर्ती
सांधेदुखीवर स्टेरॉइड सुचवलंय. द्यावं?

प्रतिसाद १
कैद उष्ण, दमट भागात होती का? तसं असेल तर आधी स्ट्राँगिलॉइडिस कृमीची तपासणी. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात जपानच्या कैदेत असलेल्यांच्या पोटात तो कित्येक दशकांनीही सापडला, कारण तो शरीरातल्या शरीरातच पुन्हा लागण करतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की तो अंगभर पसरतो, जिवावर बेततं. शौचाच्या एका नमुन्यात बरेचदा निसटतो, तेव्हा रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी मागा. ती झाल्याशिवाय स्टेरॉइड नको, आणि डॉक्टरांना कैदेचा प्रदेश आपणहून सांगा.