मदत हवी आहे: सड्यावरचा जांभा आणि हायवे, दोन्हीला चालतील असे ऑल-टेरेन टायर कोणते?

नमस्कार मंडळी,

गाडी स्कॉर्पिओ-एन डिझेल, फोर बाय टू, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना. टायरची साइज २४५/६५ आर १७. गाडीबरोबर आलेले टायर आता गोटा व्हायला आलेत. पावसाळ्याआधी बदलायचे आहेत आणि यावेळी ऑल-टेरेन घालायचे हे घरात ठरलंय. अडलंय ते कोणत्या प्रकारचे आणि कोणत्या साइजचे यावर.

आधी वापर सांगतो. राहायला कराडला, काम पवनचक्क्यांच्या देखभालीचं. पाटण तालुक्यात वनकुसवडे, सडावाघापूर या बाजूच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर, आठवड्यातले बहुतेक दिवस जाणं असतं. गाडीत आम्ही चौघं, मागे हत्यारांच्या पेट्या आणि ग्रीसचे डबे. शिवाय अधूनमधून पुण्याला हायवेने जाणं-येणं. एकूण किलोमीटर पाहिले तर साधारण तीन हिस्से डांबर आणि एक हिस्सा कच्चा, पण टायरची सगळी वाट लागते ती त्या एका हिश्श्यात.

सड्यावर त्रास दोन प्रकारचा. पहिला जांभ्याचा. मुरूम वाहून गेला की रस्त्याच्या कडेला जांभ्याच्या फुटक्या कडा उघड्या पडतात. समोरून ट्रॅक्टर आला आणि गाडी कडेला घ्यावी लागली की टायरचा गाल, म्हणजे बाजूची भिंत, त्या कडेवर घासतो. मागच्या वर्षी डाव्या बाजूच्या मागच्या टायरला असाच कट बसला. बाहेरून नखाएवढाच दिसत होता. पंक्चरवाल्या काकांनी अंगठ्याने रबर बाजूला सारून दाखवलं तर आतले धागे तुटलेले. हवा भरून थोडा वेळ ठेवल्यावर तिथे फुगा आला. गालाला पॅच चालत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. नक्षी शाबूत असलेला टायर फेकून द्यावा लागला.

दुसरा त्रास जूननंतरचा. टॉवरच्या पायथ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर खाली कडक थर आणि वर बोटभर लाल माती. जाताना गाडी उतरते, येताना मागची चाकं जागेवर फिरायला लागतात. मग तिघांनी उतरून ढकलायचं.

कराडातल्या टायरवाल्यांचं म्हणणं, सरळ २६५/६५ आर १७ घाला, त्या साइजमध्ये मोठ्या गुट्ट्यांचे (नक्षीतल्या उठावदार ठोकळ्यांचे) टायर सहज मिळतात आणि गाडी उंच होते. सोबत काम करणारा मित्र म्हणतो मड टेरेनच घे, म्हणजे खास चिखलासाठीचे. मला मात्र पावसात कात्रज उतरताना ब्रेक कसे लागतील याची जास्त काळजी वाटते. गाडीत चार घरची माणसं असतात.

तर विचारायचं ते असं. साइज वाढवावी का? गालाच्या मजबुतीसाठी टायरवर नेमकं काय बघायचं? आणि पैसे वाचवायला फक्त मागे दोन ऑल-टेरेन घातले तर चालेल का?

घाटवाट:

दादा, पावसातल्या ब्रेकची तुमची काळजी महत्त्वाची आहे, तिथूनच सुरुवात करतो. मड टेरेन तुमच्यासाठी नाही. त्याच्या गुट्ट्या मोठ्या आणि मधल्या खाचा रुंद, त्यामुळे ओल्या डांबरावर टेकायला रबर कमी उरतं. तुमचे तीन हिस्से किलोमीटर डांबरावर आहेत.

ऑल-टेरेनमध्येही दोन घराणी आहेत. एक सौम्य, गुट्ट्या जवळजवळ आणि प्रत्येक गुट्टीवर बारीक चिरा. योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी०१५ हा त्यातला ओळखीचा नमुना. या चिराच ओल्या रस्त्याला धरतात. दुसरं दणकट घराणं, बीएफगुडरिचच्या केओ२ सारखं, ज्याच्या एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांच्या) साइजमध्ये गालाला तीन थर असतात. जांभ्यासाठी तो गाल उत्तम, यात वाद नाही. पण एलटी टायर जड असतो, तेवढंच वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते आणि रिकाम्या गाडीत तो दणके देतो. पर्वतशिखर आणि हिमकणाचं चिन्ह टायरवर दिसलं तर तो बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. आपल्याला बर्फाशी देणंघेणं नाही, पण त्या टायरांना सहसा बारीक चिरा भरपूर असतात.

साइजचं गणित करून बघा. २४५/६५ आर १७ चा व्यास साधारण ७५० मिलिमीटर, २६५/६५ चा ७७६. म्हणजे साडेतीन टक्के मोठा. पण गाडी उंच होणार ती याच्या निम्मी, १३ मिलिमीटर. त्या बदल्यात मीटरवर १०० दिसेल तेव्हा खरा वेग १०३ च्या पुढे असेल, चढाला ओढ थोडी कमी होईल, आणि चाक पूर्ण वळवल्यावर आत घासतंय का हे बघत बसावं लागेल. शिवाय २६५ ला रिम किमान साडेसात इंच रुंद लागते. तुमच्या रिमवर आतल्या बाजूला रुंदी कोरलेली असते, ती आधी वाचा. तुम्हाला चढावर जोर हवा आहे, मग मोठं चाक कशाला? मूळ साइजच ठेवा. फारच वाटलं तर २५५/६५ आर १७, तो फक्त पावणेदोन टक्क्यांनी मोठा.

मागे दोनच घालण्याचा विचार मात्र सोडून द्या. पुढचे आणि मागचे टायर ओल्या रस्त्यावर वेगवेगळे वागले तर वळणावर ब्रेक दाबताना गाडी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. चार एकसारखेच घ्या. जमलं तर स्टेपनीही त्याच नक्षीची घेऊन पाचही टायर दर ८ ते १० हजार किलोमीटरला फिरवा, कारण ऑल-टेरेनच्या गुट्ट्या एका बाजूने झिजल्या की आवाज फार वाढतो.

टायरगल्ली:

आमचं टायरचंच दुकान आहे म्हणून बोलतो. ग्राहक नक्षी बघतो, गालावरचे आकडे बघत नाही. तुमच्या गाडीत चार माणसं आणि लोखंड, तेव्हा भाराचा आकडा आधी बघा. १०७ असेल तर एक टायर ९७५ किलो पेलतो, १११ असेल तर १०९०. जुन्या टायरवर जो आहे त्याच्या खालचा कुणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका. वेगाचं अक्षरही बघा: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०.

मग तारीख. गालावरच्या डीओटी या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरवरचे आकडे स्वतः वाचून घ्या. बाहेरून येणाऱ्या टायरच्या आयातीवर २०२० पासून निर्बंध आहेत, त्यामुळे काही मॉडेलं मधूनच गायब होतात आणि मग जुना माल नवा म्हणून पुढे सरकवला जातो. भाव विचारताना हेही लक्षात असू द्या की २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. पक्कं बिल घ्या.

काळं रान:

मी सोलापूरकडची. आमच्याकडच्या काळ्या मातीला ऑल-टेरेनने फार फरक पडत नाही, कारण चार फेऱ्यांत खाचा भरतात आणि टायर पुन्हा सपाट होतो. पण तुमची लाल माती पातळ आहे आणि खाली कडक थर आहे, तिथे गुट्टीला टेकायला जागा मिळते. तुम्हाला फरक नक्की जाणवेल.

एक सांगते दादा, चढाला हवा कमी करून बघा. ३५ पीएसआयवरून २२-२४ वर आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र फक्त मातीवर. जांभ्यावर हवा कमी केली की गाल बाहेर फुगतो आणि नेमका कडेवर घासतो. आणि डांबराला लागायच्या आधी हवा परत भरायचीच. कमी हवेवर वेगाने पळवलं की टायर आतून तापतो आणि फुटतो. गाडीत बॅटरीवर चालणारा पंप आणि हवा मोजायचं मीटर कायम असू द्या.

मूळ प्रश्नकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रिम पुसून बघितली आणि जुन्या टायरवरचा भाराचा आकडा वहीत लिहून घेतला. साइज वाढवायचा विचार डोक्यातून काढला. मूळ साइजमध्ये, बारीक चिरांचा सौम्य ऑल-टेरेन, भाराचा आकडा १११, आणि स्टेपनीसकट पाच, असं ठरवतोय. पाचव्याचा खर्च जड आहे, पण सड्यावर फोनला रेंज नसते तिथे स्टेपनीवरच परत यायचं असतं.

ताई, हवेची युक्ती पहिल्या पावसात करून बघतो आणि इथे कळवतो.

एकच राहिलं. एलटी नसलेल्या टायरमध्ये गाल त्यातल्या त्यात जाड कुणाचा, हे दुकानात उभं राहून कसं ओळखायचं? गालावर थरांची माहिती छापलेली असते म्हणतात, ती कुठे आणि कशी वाचायची? टायरगल्लीवाले दादा, तुम्ही एखादा फोटो टाकलात तर खरेदीला जाताना सोबत ठेवतो.

टायरगल्ली:

टाकतो. तोवर हे लक्षात ठेवा: गालावर बारीक अक्षरात दोन ओळी असतात, एक नक्षीखालच्या थरांची आणि एक गालाच्या थरांची. गालाच्या ओळीत पॉलिस्टर १ की २ हे बघा. २ असेल तोच घ्या. शिवाय नक्षीच्या गुट्ट्या खांद्यावरून खाली गालावर उतरलेल्या आहेत का तेही बघा. जांभ्याचा पहिला मार त्या गुट्ट्या झेलतात.