गॅलॅक्सी आणि स्लर्म: जॉब पूर्ण होतो, तरी डेटासेट लाल

बिनधास्त_बॅश:
गॅलॅक्सी (वेबवरून जनुकीय विश्लेषण चालवणारी प्रणाली) वेगळ्या मशीनवर, मागे ६ नोडचं (संगणकांचं) स्लर्म क्लस्टर (स्लर्म म्हणजे जॉबना कोअर-मेमरी वाटणारा), सगळीकडे एकच एनएफएस (नेटवर्कवरची सामायिक डिस्क). वर्कफ्लो ५ पायऱ्यांचा: ट्रिमिंग (डीएनए रीड छाटणं), बीडब्ल्यूए (रीड संदर्भ जीनोमशी जुळवणं), सॅमटूल्स सॉर्ट (जुळणी क्रमाने लावणं), व्हेरियंट कॉलिंग (फरक शोधणं) आणि शेवटी मल्टीक्यूसी (सगळ्यांचा एकत्र गुणवत्ता अहवाल). एका नमुन्यावर सुरळीत चालतो. २०० नमुन्यांचं कलेक्शन दिलं की १०-१५ डेटासेट लाल (अयशस्वी). संदेश: ‘जॉब आउटपुट नॉट रिटर्न्ड फ्रॉम क्लस्टर’. पुन्हा चालवले की बहुतेक हिरवे. शिवाय बीडब्ल्यूए एकाच कोअरवर रेंगाळतं. गडबड टूलमध्ये की सेटिंगमध्ये?

माउंट_पॉइंट:
पुन्हा चालवल्यावर हिरवे होतात, म्हणजे टूलवर संशय नको. लाल जॉबचा स्लर्म क्रमांक घेऊन एसॲक्ट (जॉबची नोंद दाखवणारी स्लर्मची कमांड) चालवा. ‘कम्प्लीटेड’ आणि एक्झिट कोड ० दिसला तर दोष एनएफएसच्या कॅशचा. नोडने फाइल लिहिलेली असते, गॅलॅक्सीचं मशीन मात्र डिरेक्टरीची जुनीच यादी धरून बसतं. लिनक्सवर डिरेक्टरीचे ॲट्रिब्यूट काही बदललं नसेल तर ३० ते ६० सेकंद कॅशमध्ये राहतात. गॅलॅक्सी तेवढं थांबतच नाही, कारण ‘रीट्राय_जॉब_आउटपुट_कलेक्शन’ (आउटपुट किती वेळा पुन्हा शोधायचं) मुळात ० असतं. ते ६० करा. दोन प्रयत्नांमध्ये १ सेकंद जातो.

एनएफएस ‘नोॲक’ने (ॲट्रिब्यूटची कॅश बंद करून) माउंट करा असं कुणीतरी सांगेलच. ऐकू नका. त्याने लिहिणंही सिंक्रोनस होतं आणि गर्दीत एनएफएसच गुदमरतं. गरज पडलीच तर फक्त गॅलॅक्सीच्या मशीनवर ‘लुकअपकॅश=पॉझिटिव्ह’ (‘फाइल नाही’ हे उत्तर कॅशमध्ये न ठेवणारा पर्याय) द्या, नोडना हात लावू नका.

आठ_कोअर:
बीडब्ल्यूएचं कारण वेगळं. जॉब कॉन्फिगमधल्या नेटिव्ह स्पेसिफिकेशनमध्ये ‘--सीपीयूज-पर-टास्क=८’ आहे का? नसेल तर स्लर्म १ कोअर देतो आणि गॅलॅक्सी_स्लॉट्सही (टूलला किती कोअर मिळाले तो आकडा) १ येतो. असूनही फरक नसेल तर रॅपरची (टूल गॅलॅक्सीत बसवणाऱ्या फाइलची) एक्सएमएल उघडा: ‘-टी’पुढे (थ्रेड किती) गॅलॅक्सी_स्लॉट्सऐवजी थेट आकडा लिहिलेला सापडेल. घरी लिहिलेल्या रॅपरमध्ये हे हमखास.

बिनधास्त_बॅश:
रीट्राय ६० केलं, तो संदेश गेला. सीपीयूची ओळ नव्हतीच, आता ८ कोअर लागतात. पण सॉर्टचे २ जॉब अजून लाल, एसॲक्टमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’. जॉबला ४ जीबी दिलेत.

आठ_कोअर:
सॅमटूल्स सॉर्टचं ‘-एम’ (मेमरीची मर्यादा) प्रत्येक थ्रेडमागे मोजतात, मुळात ७६८ एमबी. ८ थ्रेड म्हणजे ६ जीबी, आणि बाकीचा खर्च वेगळा. कोअर वाढवल्यावर हे होणारच होतं. सॉर्टसाठी जॉब कॉन्फिगमध्ये वेगळं डेस्टिनेशन (जॉबला किती कोअर-मेमरी ती नोंद) करा: ४ कोअर, ८ जीबी. लहान बॅम (जुळणीच्या) फायली ४ जीबीत निभावतात, म्हणून सगळेच पडले नाहीत.

माउंट_पॉइंट:
एक राहिलं. गॅलॅक्सीचा डेटाबेस अजून एसक्यूलाइटच (एकाच फाइलमधला) आहे का? मल्टीक्यूसी (सगळ्यांचा मिळून एकच जॉब) सोडलं तर ४ पायऱ्या गुणिले २०० म्हणजे ८०० जॉब. एवढ्या नोंदी एकदम बदलू लागल्या की ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येतो. पुढचं कलेक्शन टाकण्याआधी पोस्टग्रेसवर (स्वतंत्र डेटाबेस सर्व्हरवर) न्या.