घरात सगळं ऐकू येतं, मंगल कार्यालयात काहीच कळत नाही. मदत हवी आहे

मंडळी, बाबांबद्दल सल्ला हवाय. वय ७२. घरी मी ओट्यापाशी आईच्या कानाला लागले तरी बाहेरच्या खोलीतून त्यांचं उत्तर येतं. पण गेल्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात जेवायला बसलो होतो. स्पीकरवर सनई, वाढप्यांचं "जिलबी, जिलबी", शेजारच्या टेबलावर खिदळणं. आत्याने विचारलं, "दादा, पाठ कशी आहे आता?" बाबा म्हणाले, "पाट नको गं, खुर्चीच बरी." सगळे हसले, तेही हसले. मग मात्र कोणाशी बोलले नाहीत, मान डोलवत मठ्ठा पीत राहिले. परवाच्या बारशाला "गुडघे दुखतात" म्हणून आलेच नाहीत. रोज टेकडी चढणारा माणूस!

कान तपासून झाले. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक 'पीं' ऐकू आलं की बटण दाबायचं, तीच तपासणी. वरच्या पट्टीत थोडं कमी, वयाच्या मानाने ठीक, असं सांगितलं. मग हे काय? आईला विसराळूपणाची सुरुवात वाटते. मलाही धाकधूक आहे.

प्रतिसाद

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. वयाबरोबर आधी वरची पट्टी जाते. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर जाड नि जोरकस असतात, ते राहतात. स, श, फ आणि 'ठ'मधला हकार बारीक, तेच निसटतात. शांततेत भागतं, गोंगाटात आधी तेच झाकले जातात.

पण सगळा दोष कानाचा नाही. दहा आवाजांतून एक वेगळा काढणं, आवाजातले सूक्ष्म, झटपट बदल पकडणं, मेंदूचं हे काम वयाने मंदावतं. मग तो संदर्भावरून गाळलेल्या जागा भरतो, आणि त्यात वयस्कर माणसं चांगली तरबेज असतात. जेवणावळीत 'पाट' सुचला तो त्यामुळेच! मात्र सगळं लक्ष त्यात खर्ची पडतं, माणूस दमतो, ऐकलेलं लक्षात राहत नाही. घरच्यांना तो विसराळूपणा वाटतो. शांत घरातही विसरत असतील तर मात्र डॉक्टरांना जरूर दाखवा.

'पीं'वरून गोंगाटातलं कळत नाही. त्यासाठी गोंगाटात वाक्यं ऐकवण्याची वेगळी चाचणी असते, ती मागून घ्या. ऐकू कमी येणं हा डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, टाळता येण्याजोगा धोका आहे, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० च्या अहवालातही म्हटलंय, तेव्हा कानाच्या मशीनचा विषय अगदीच बाजूला टाकू नका. बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा छोटा माइकही मिळतो, कार्यालयात मशीनपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होतो.

तोवर त्यांना भिंतीला पाठ लावून, स्पीकरपासून लांब बसवा. आधी हाक मारा, तोंड दिसू द्या. ओरडू नका, त्याने स्वरच मोठे होतात. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला: "कंबर-पाठ दुखायची थांबली का?"

धागाकर्ती

खूप आभार. आईला वाचून दाखवलं. एकच शंका: ही चाचणी मराठीतून होते का? बाबांचं इंग्रजी यथातथाच, त्यातच नापास व्हायचे.